हंगरवाडीचा शास्त्रशुद्ध वेढा

जिल्हा नवा झाला त्या वर्षी हंगरवाडीचा टँकर जुन्या जिल्ह्यात राहिला. दोष कुणाचाच नव्हता. नवा जिल्हा म्हणे, तुमचे कागद अजून यायचेत. जुना म्हणे, तुम्ही आता आमचे कोण? मधल्या मध्ये गावच्या विहिरीत सोडलेली बादली दगडावर आपटून कोरडीच वर यायची. पाऊस तर दोन्ही जिल्ह्यांनी आपला मानला नव्हता.

अशा वेळी गावाने विरूपाक्ष गुरुजींकडे धाव घेतली. गुरुजी हायस्कुलात इतिहास शिकवीत. तीनशे वर्षांपूर्वी तुर्कांनी व्हिएन्नाला घातलेला वेढा हा त्यांचा जीव की प्राण. स्वतः कधी उदगीरच्या पलीकडे गेले नव्हते, पण व्हिएन्नाचा कोट, खंदक, बुरूज सगळं त्यांना घरच्या ओसरीइतकं पाठ. त्यांच्या बायकोने, गौरम्माने, साधी वाट सुचवली होती की चार बाया रिकाम्या घागरी घेऊन तहसीलसमोर बसू. गुरुजींना ते फारच अडाणीपणाचं वाटलं. मोर्चे काय, सगळेच काढतात. आपण वेढा घालू, तोही शास्त्रशुद्ध.

सोय तर आयतीच होती. तहसील कचेरी गावापासून अर्ध्या कोसावर, निजामाच्या काळातल्या जुन्या गढीत. तुर्क कोटाकडे सरळ चालून जात नसत, नागमोडी चर खणत पुढे सरकत, म्हणजे तोफेचा गोळा लागत नाही. लातूरच्या मोंढ्यातून दोर आणून गुरुजींनी चुन्याची नागमोडी रेघ आखली.

"गुरुजी, तहसीलदाराकडं तोफ हाय का?" भुजंगने कुदळ टेकवून विचारलं. गावातला हा सगळ्यात दांडगा गडी.

"नाही. पण शास्त्र ते शास्त्र."

आता गढीतला मामला ऐका. तहसीलदार किशनराव हवालदिल झाले होते ते वेगळ्याच कारणाने. दुष्काळी कामं काढा म्हणून वरून तारांवर तारा येत होत्या आणि तालुक्यात एक कुदळ हलत नव्हती. बुरुजावरून खाली पाहतात तो अख्खं गाव न सांगता मातीत राबतंय. साहेबांना भरून आलं. संध्याकाळच्या आत ओव्हरसियर टेप घेऊन चरात उतरला, मजुरांच्या हजेरीचं मस्टर उघडलं, 'नागमोडी चर क्रमांक एक' अशी नोंद झाली. मजुरी सुरू झाली, गहू सुरू झाला आणि कामावर पिण्याचं पाणी पुरवलंच पाहिजे या नियमाने चराच्या तोंडाशी टँकर येऊन उभा राहिला.

गुरुजी पेटले. कोटातल्यांनीच वेढा घालणाऱ्यांना पाणी पाजावं, हे कुठल्या इतिहासात बसतं? ते तडक गढीत शिरले.

"साहेब, आम्ही तुम्हाला वेढा घातलाय."

"हाव, घाला की. फक्त मस्टरवर अंगठे नीट घ्या."

"आम्हाला टँकर गावात पाहिजे."

"गावाला देता येत न्हाई, कागद नाहीत. कामाला देता येतो. काम आहे तोवर पाणी आहे, गुरुजी."

वेढा असा रंगला की होता होता चर गढीच्या दरवाजापाशी आला. आणखी चार हात खणलं की गढी हातात. पण मग काम संपणार, मस्टर मिटणार, टँकर जाणार. कुदळी आपोआप थांबल्या आणि भुजंगने हळूच विचारलं, कुठं वळवू? गुरुजींनी एकदा दरवाजाकडे पाहिलं, एकदा भरलेल्या घागरींच्या रांगेकडे. त्यांचा जीव तीळ तीळ तुटला. मग खाली बसून त्यांनी चुन्याची रेघ मागे वळवली.

पुढे काय विचारता. शेजारची गावंही वेढ्यात उतरली. वरून मोठे साहेब आले, चरातून चालले, खूश झाले आणि प्रत्येक तालुक्याला असाच वेढा पडला पाहिजे असा आदेश काढून गेले. किशनरावांना बढती मिळाली. गढीभोवतीची जमीन संपली तसा चर हंगरवाडीकडे वळला, गावाला वळसा घालून आपल्याच शेपटाला जाऊन मिळाला, आणि काम पूर्ण झाल्याचा शेरा पडून कामावरचं पाणी बंद झालं.

नेमके त्याच आठवड्यात कागद आले. हंगरवाडीला स्वतःचा टँकर मंजूर. टँकर आलाही, भरून आला, आणि चराच्या पलीकडच्या काठावर थांबला, कारण अलीकडे यायला रस्ताच उरला नव्हता. लोक फावडी घेऊन धावले तर शिपाई आडवा आला, चर शासकीय मालमत्ता आहे म्हणून. गुरुजींनी नव्या तहसीलदारांपुढे हात जोडले. ते बिचारे भले गृहस्थ, त्यांनी सगळी पुस्तकं चाळून पाहिली. खोदण्याला खर्चाचं लेखाशीर्ष होतं, बुजवण्याला नव्हतं. पलीकडे ड्रायव्हरला पाणी गावच्या विहिरीतच ओतायचा हुकूम होता; त्याने थोडा वेळ हॉर्न वाजवला आणि गाडी वळवून नेली.

गौरम्मा घागर कमरेवर घेऊन काठाशी उभी होती. तिने विचारलं, "आवं, त्या तुमच्या गावाचं शेवटी काय झालं?"

"व्हिएन्नाचं? बाहेरून दुसऱ्या राजाची फौज आली. वेढा उठला."

"मंग आपल्याला कोण येणार हाय?"

गुरुजींनी काठावरच बसकण मारली. ते अजून रस्त्याकडे डोळे लावून बसलेत, कोणी तरी बाहेरचं येईल म्हणून. म्हणजे तुम्हीच की. पण तुम्ही तरी कसे येणार? तुमच्या दारापुढे गेल्या वर्षी खणून ठेवलंय, त्यावर फळी टाकून तुम्ही रोज कामाला जाता, आणि ते कशासाठी खणलंय हे तुम्ही अजून कुणाला विचारलेलं नाही.