दोन्ही टोके समान

पौडच्या बाजाराला लागून असलेल्या एका सरकारी कचेरीत १९८८ साली संगणक दाखल झाला आणि त्याच दिवशी हाताने दाखले लिहिणे बंद झाले. हुकमाचा मसुदा हेडक्लार्क नसीर मुलाणी यांचाच. पुण्याला प्रशिक्षण घेऊन आल्यापासून मुळशी तालुक्यात संगणकातले कळणारे आपण एकटेच, अशी त्यांची खात्री होती. ती रास्तच होती, कारण बाकीच्यांना तेवढेही कळत नव्हते.

प्रिंटरची केबल मात्र संगणकाला लागेना. संगणकालाही छिद्रे आणि केबलच्या दोन्ही टोकांनाही नुसती छिद्रे, पिना कुठेच नाहीत.

"परत पाठवा," कचेरीचे प्रमुख हैबतराव साहेब म्हणाले.

"कशी पाठवणार साहेब? केबल मानकानुसार आहे," नसीरभाई म्हणाले.

मानकही नसीरभाईंचेच. खरेदीच्या अटी लिहिताना त्यांनी जुन्या फायलीतून रबरी नळीची अट जशीच्या तशी उतरवली होती: दोन्ही टोके समान असावीत.

मग दोन्हींच्या मध्ये जोडायला अ‍ॅडॅप्टर मागवला. त्यालाही दोन्हीकडे छिद्रेच होती. टोके समान म्हणून खरेदी समितीने तो पास केला. पुढच्या खेपेला दुकानदाराने आपल्या अकलेने दोन्हीकडे पिना असलेला पाठवला. तो खटकन बसला असता, पण मंजूर नमुन्याशी जुळत नाही म्हणून नापास झाला. शेऱ्याखाली पहिली सही नसीरभाईंची.

संध्याकाळी घरी लेक हसिना म्हणाली, "अब्बा, शनवारपातुर रहिवासी दाखला न्हाई दिला तर माझी डी.एड.ची जागा जातीया. हातानं लिवून द्या की."

"हातानं लिवलेला चालत न्हाई. हुकूम हाय."

"कुनाचा?"

स्वतःच्याच हुशारीची नसीरभाईंना मनापासून लाज वाटली. त्यांनी बॉलपेन घेतले आणि प्रिंटरच्या ठिपकेदार अक्षरासारखा ठिपक्याला ठिपका लावत मशीनसारखा दाखला काढला. खाली लिहिले: संगणकीय प्रत, सहीची गरज नाही.

कॉलेजचा कारकून खूश झाला. "हे बघा अक्षर! माणसाच्या हाताला जमेल का?" नसीरभाईंच्या अक्षराला जन्मात पहिली शाबासकी मिळाली, तीही यंत्राच्या नावावर.

बातमी कोळवणपर्यंत गेली आणि रांग लागली. सगळी कचेरी ठिपके देऊ लागली. समितीने हसिनाचा दाखला मंजूर नमुना ठरवला आणि नमुन्याशी तंतोतंत जुळेल तोच दाखला पास होऊ लागला. संगणकीकरण पूर्ण झाल्याचा अहवाल वर गेला.

त्या वर्षीचा दाखला तुमच्याही कपाटात असेल. मशीनचा म्हणून तुम्ही तो कधी वाचला नसेल, आणि जिथे जिथे दिलात तिथेही कुणी वाचला नाही. आता काढून बघा. त्यावर नाव हसिना नसीर मुलाणीचे आहे.