गुप्त ग्राहकाचा अहवाल

"कार्डं द्या इकडे," टेलरबाई चौथ्यांदा म्हणाल्या, ओठांत धरलेल्या टाचण्यांच्या फटीतून.

"मिळणार नाहीत. ती कार्यालयाची आहेत." जावकबाबूंनी शर्टाच्या खिशावर पंजा ठेवला.

"कुठलं कार्यालय?"

"ते गुप्त आहे."

बाईंच्या हातावर कुणाचा तरी अर्धवट कोट लोंबत होता, एकाच बाहीचा. तीस वर्षांत पहिल्यांदा त्या भर दिवसा दुकान बंद करून घरी आल्या होत्या, तेही नवऱ्याशी भांडायला. जावकबाबूंना मनातून जरा बरंच वाटलं. (हे त्यांनी चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. भांडणाचा रुबाब जातो.)

जावकबाबू हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कचेरीतून बाहेर जाणारं प्रत्येक पत्र चौतीस वर्षं त्यांच्या टेबलावरून, क्रमांक लावून गेलं, म्हणून हे नाव पडलं आणि चिकटलं. निरोपाला भिंतीवरचं घड्याळ मिळालं, आणि त्यानंतर घड्याळाकडे बघण्यापलीकडे काम उरलं नाही. बाई सकाळी नऊला दुकान उघडायच्या, रात्री आठला लोकांच्या कपड्यांचं गाठोडं घेऊन यायच्या आणि तोंडात टाचण्या धरून पायमशीनवर बसायच्या. जावकबाबू दिवसभराचं साचलेलं सांगायला लागले की टाचण्यांमागून "हं" यायचं. हं तीन प्रकारचे होते, तिन्हींचा अर्थ एकच. मुलगी दूर राहायची. रविवारी फोन करून आईशी अर्धा तास बोलायची आणि मग विचारायची, "बाबा, तब्येत?" बाबा "ठीक" म्हणेपर्यंत फोन आईकडे परत गेलेला असायचा.

अशात फोनवर निरोप आला. गुप्त ग्राहक व्हा. साध्या गिऱ्हाइकासारखं दुकानात जा, सेवा कशी आहे ते बघा आणि अहवाल द्या. नोकरी काय, पगार किती, हे जावकबाबूंनी वाचलंच नाही. "अहवाल" या शब्दावरच गडी विरघळला.

संध्याकाळी साहेबांचा फोन आला. (साहेब कोण, कुठले, हे विचारायचं नसतं. साहेब असतात.) साहेबांनी पहिलाच प्रश्न विचारला, जेवलात का? जावकबाबू बारा वाजता ओट्याशी उभ्याउभ्या जेवले होते. काय खाल्लं, मीठ कसं कमी पडलं, ते सगळं त्यांनी सांगितलं, आणि साहेबांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशीही विचारलं. तिसऱ्या दिवशी जावकबाबू पाच वाजायच्या आधीच केस विंचरून फोनपाशी बसले.

मग टपालाने चेक आला. तो बँकेत भरायचा, त्या रकमेतून चौकातल्या मोठ्या दुकानातून दहा भेटकार्डं घ्यायची, दुकान तपासायचं, कार्डांवरची चंदेरी पट्टी खरवडून खालचे आकडे साहेबांना कळवायचे. उरेल तो पगार. बँकेतली कॅशियर म्हणाली, आजोबा, चेक वटेपर्यंत थांबा. साहेब म्हणाले, थांबायला वेळ नाही, तूर्त घरातले घाला. घरातले म्हणजे बाईंच्या मोटरच्या मशीनसाठी ठेवलेले. पायमशीन चालवून बाईंचे गुडघे कामातून गेले होते. जावकबाबूंनी ते उचलले आणि कार्डं आणली.

दुसरा कुणी असता तर त्याच संध्याकाळी नागवला गेला असता. पण जावक टेबलाचा नियम होता: आधी अहवाल, मग सहपत्रं. अहवाल पोहोचल्याशिवाय, वाचल्याचा शेरा आल्याशिवाय आकडे जाणार नाहीत, पट्टीला नखही लागणार नाही. अहवाल झाला एकोणीस पानांचा. दुकानाचं दार आत उघडतं की बाहेर, जिन्याच्या कठड्याला धूळ किती, शिलाई मशीन विभागातला विक्रेता जांभया किती देतो (सात; गुण दहापैकी तीन). एकेका पानाचा फोटो काढून पाठवला. साहेब आधी गोड बोलले, मग ओरडले. ओरडले तेव्हा जावकबाबूंना अगदी कचेरीत बसल्यासारखं वाटलं. शेवटी ठरलं, आज पाचला साहेब शेरा देणार आणि जावकबाबू आकडे देणार.

आणि आज साडेचारला बाई दारात. तीच कॅशियर कोटाच्या मापाला आली होती. बाहीला टाचण्या लावून घेता घेता सांगत होती, या महिन्यात तीन म्हाताऱ्यांनी असाच चेक आणला, तिन्ही खोटे, त्यातल्या दोघांचे पैसे भेटकार्डांत गेले. तिसऱ्याला मी थांबा म्हटलं, तर त्याने वही काढून मलाच दहापैकी चार गुण दिले. चार गुण ऐकले आणि बाई गिऱ्हाइकाच्या अंगावरचा कोट काढून घेऊन निघाल्या.

"तुला साहेब माहीत नाहीत," जावकबाबू म्हणाले. "रोज विचारतात मला."

"काय विचारतात?"

तेवढ्यात निरोपाच्या घड्याळाने पाच ठोके दिले आणि फोन वाजला. बाईंनी हात पुढे केला नाही. जावकबाबूंनी फोन घेतला, घसा साफ केला.

"साहेब, एवढंच सांगा. नवव्या पानावर काय आहे?"

"आजोबा, ते कोण वाचत बसतंय? आकडे सांगा."

जावकबाबूंनी फोन बंद केला. दहाही कार्डं काढून कोटावर ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. बाईंनी एकेक पट्टी उजेडात धरून पाहिली. ओरखडा नव्हता. दुकान तेच, तिथेच या कार्डांवर मशीनही मिळतं, त्या म्हणाल्या. जांभया देणाऱ्याकडून घेऊ.

"पैशाचं नाही गं," जावकबाबू भिंतीला म्हणाले. "एकोणीस पानं लिहिली. एकही वाचलं नाही त्याने. आणि चोर तर चोर, जेवलात का म्हणून या घरात तोच एक विचारत होता. तू कधी विचारलंस?"

याला टाचण्यांमागून उत्तर देण्यासारखं नव्हतं. बाईंनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या, कोटाच्या कॉलरला खोचल्या, खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "हे बघा, तो चोर होता म्हणून रोज ऐकत होता, मी प्रामाणिक बाई आहे, मला आठवड्यातून दोनदाच जमेल."