व्यसनमुक्त शिवमूर्तीचा सत्कार

व्यसनावरच्या संशोधनाला सगळ्यात मोठा धोका असतो तो व्यसनी माणसाचा. तो मध्ये आला की आकडे बिघडतात.

विष्णुपुरीकडच्या एका नर्सिंग कॉलेजात हा धोका केव्हाच दूर करण्यात आला होता. तिथं एम.एस्सी. करणाऱ्या सुकन्याचा विषय होता, ‘अफूजन्य वेदनाशामकांचे व्यसन : नियोजित अध्यापनाचा ज्ञानावरील परिणाम’. पद्धत सर्वमान्य. आधी प्रश्नावली, मग व्याख्यान, मग पुन्हा तीच प्रश्नावली. ज्ञान वाढतंच. (मागे एका विद्यार्थिनीच्या प्रबंधात ते घटलं होतं. वाढेपर्यंत तिच्याकडून ते प्रकरण पुन्हा लिहून घेण्यात आलं.) व्यसनी माणसं घामाघूम होतात, मध्येच उठून जातात, म्हणून ती निकषानुसार वगळली आणि पहिल्या वर्षाच्या मुली बसवल्या.

अशात देवणीहून तिचा धाकटा भाऊ शिवमूर्ती आला. टेम्पोवरून पडल्यावर कमरेसाठी गोळ्या सुरू झाल्या होत्या. कंबर बरी झाली, गोळ्या राहिल्या.

“ताई, सोडायच्या हायेत. न्हाई घेतली की सगळं अंग ठणकतंय. तुझं तर त्यातच शिक्षण हाय म्हणं.”

भावाला व्यसनमुक्ती विभागात दाखवू का, असं सुकन्यानं तडक मार्गदर्शक तारामती मॅडमना विचारलं.

मॅडम स्वभावानं हळव्या. “दाखवू की. पण आपल्या व्यसनमुक्ती सप्ताहाच्या समारोपाला पाहुणे येताहेत. पत्रिकेत व्यसनमुक्त तरुणाचा सत्कार छापलाय, तरुण तेवढा मिळत नाहीये.”

(आधी मुक्ती की आधी सत्कार, याबद्दल कुठेही नियम नाही. पाहुण्यांची तारीख मात्र एकच असते.)

समारोपाच्या सकाळी शिवमूर्ती थरथरत होता. असा माणूस व्यसनमुक्त म्हणून व्यासपीठावर शोभला नसता. सुकन्यानं स्वतःच्या हातानं त्याला गोळी दिली. तिला रडू येत होतं, पण प्रबंधही तिचाच होता, आणि त्यावर सही मॅडमची लागणार होती. मग तो छान बसला. शाल, श्रीफळ, टाळ्या, फोटो, सगळं यथासांग पार पडलं.

“ताई, आता तरी चल ना दवाखान्यात,” तो दुसऱ्या दिवशी म्हणाला.

फोटो पेपरात आलेला. प्रबंध मंजूर होईपर्यंत थांबलेलं बरं, असं मॅडमचं मत पडलं. शिवमूर्ती थांबलाय. गोळ्या आता सुकन्याच आणून देते.

हे वाचण्याआधी आपल्यालाही यातलं फारसं ठाऊक नसावं. आता आहे. म्हणजे आपलंही ज्ञान वाढलं, आणि आपल्याकडून तेवढीच अपेक्षा होती. शिवमूर्तीचं पुढं काय, हा प्रश्न प्रश्नावलीत नाही.