बिनचिखलाची घरटी

बाळांनो, सुगरणीच्या घरट्यात आतून चिखलाचे गोळे का लावतात?

हा प्रश्न मी शाळेत विचारला होता. भारद्वाज गुरुजी म्हणाले, "लावतात म्हणून लावायचे." मी म्हणालो, "हे काही उत्तर नाही." ते म्हणाले, "बाहेर हो." मी बाहेर झालो तो पुन्हा आत गेलोच नाही. म्हणजे माझं शिक्षण एका प्रश्नाएवढं आहे. तेवढ्यात जमेल तशी ही गोष्ट सांगतो.

एका जंगलात आम्ही सुगरण पक्षी राहत होतो. जंगल विकसनशील होतं. माझ्या आजोबांच्या वेळीही ते विकसनशीलच होतं. आमच्या उत्तरेला वाघांचं रान, पूर्वेला अस्वलांचं. त्या दोघांत काही झालं की आम्ही आधी उडायचो आणि मग काय झालं ते विचारायचो.

वाघांच्या रानात गुहेच्या दाराशी घरटं टांगायची पद्धत होती. आत कोणी राहायचं नाही, नुसती शोभा. ही घरटी अस्वलांच्या रानातून यायची. मग एकदा पाणवठ्यावर वाघाने आणि अस्वलाने एकमेकांकडे रोखून पाहिलं. आधी कोणी पाहिलं यावरून बिनसलं. वाघाने अस्वलांच्या घरट्यांवर असा कर बसवला की घरट्यापेक्षा करच जड झाला.

आमचे अध्यक्ष धनेशराव यांनी लगेच सभा भरवली. धनेश पक्ष्याची चोच मोठी असते, त्यामुळे बोलणं लांबवर पोचतं.

"बंधूंनो, ते भांडतायत. ही आपली संधी आहे!"

"संधी! संधी!" सगळ्यांत मोठ्याने मीच ओरडलो. तिचं काय करतात ते माहीत नव्हतं, पण शब्द ओरडायला चांगला होता.

वाघांकडून खरेदीला करकोचेसाहेब आले. एका पायावर उभं राहून त्यांनी माझ्या दादाचं घरटं तपासलं. दादाचं नाव पिवळोबा. त्याच्यासारखी वीण आमच्या बाभळीवर कोणाचीच नव्हती. हे मी भाऊ म्हणून सांगत नाही. भाऊ म्हणून मी त्याला आळशीच म्हणायचो.

"आत हे काय?" साहेबांनी विचारलं.

"चिखल, साहेब," दादा म्हणाला.

"कशाला?"

सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी आभाळाकडे पाहिलं.

"लावतात," दादा म्हणाला.

"आमच्याकडे असली घाण चालत नाही. बिनचिखलाची द्या. हवी तेवढी घेऊ."

माझी छाती फुगली. माझा प्रश्न परदेशातून विचारला गेला होता! त्या दिवशी मी उगाचच शाळेवरून दोन फेऱ्या मारल्या.

मग सगळी बाभळ कामाला लागली. दादाला घास खायला सवड नव्हती. इकडे सोनकळी वहिनींचे दिवस भरत आले होते.

"आपलं घरटं कधी?" वहिनींनी विचारलं.

"ही खेप गेली की लगेच."

"पोटातलं खेपेसाठी थांबत नाही."

"भुऱ्या, सांग रे तुझ्या वहिनीला. परदेशात मागणी आहे."

"वहिनी, परदेशात मागणी आहे," मी सांगितलं.

"मग अंडी तिकडेच जाऊन घालू का, भावोजी?"

मी खूप हसलो. दादाही हसला आणि पुन्हा विणायला बसला.

पहिली खेप गेली. दुसरी तयार झाली, आणि त्याच आठवड्यात वाघ आणि अस्वल एका पानात जेवले. कर उठला. "पुढे बघू," म्हणत करकोचेसाहेब उडून गेले. बाभळीवर घरटीच घरटी लोंबत राहिली.

धनेशरावांनी पुन्हा सभा भरवली. "संधी गेलेली नाही. ती आता देशांतर्गत झाली आहे. हा माल आपणच वापरू या!"

आमच्याकडे एक्स्पोर्टचा म्हटला की फुटका माठसुद्धा पाहुण्यांसमोर ठेवतात. लोक चांगली जुनी घरटी सोडून नव्यात गेले. दादाला तर वेगळं विणायला वेळच राहिला नव्हता. वहिनींनी त्या नव्यांतल्याच एकात अंडी घातली.

"हे फार हलकं वाटतंय हो," त्या म्हणाल्या.

"एक्स्पोर्टचं आहे," दादा म्हणाला.

चार दिवसांनी भर दुपारी वारा सुटला. रिकामी घरटी कापसासारखी उडाली. वहिनींचं आडवं झालं.

"अंडी दाराकडे घरंगळतायत!" वहिनी आतून ओरडल्या.

दादाने घरट्याचं बूड खालून पायांत धरलं आणि तो उलटा लोंबकळला. घरटं सरळ झालं. मग वारा दादाला बाभळीच्या काट्यांवर आपटू लागला.

"दादा, सोड! मी धरतो!"

"तुझं वजन किती? गप बस."

वारा थांबेपर्यंत त्याने सोडलं नाही. थांबल्यावर सोडलं. अंडी सगळी शाबूत होती. दादा खाली पडला तो हललाच नाही.

दुसऱ्या दिवशी बाभळीखाली शोकसभा झाली. धनेशरावांनी दादाला 'निर्यातवीर' म्हटलं. सभा चालू असतानाच करकोचेसाहेब उतरले. वाघाचं आणि अस्वलाचं पुन्हा बिनसलं होतं.

"मागची घरटी वाऱ्यात फार फडफडतात, अशी तक्रार आहे," ते म्हणाले. "यापुढे आत चिखल हवा. पण तुमचा नको. आमच्या रानातला, प्रमाणित. तो तुम्ही विकत घ्यायचा."

"चिखल का हवा?" मी विचारलं.

"नियम आहे."

"संधी!" सगळे ओरडले. धनेशरावांनी मला खूण केली. "भुऱ्या, भाऊ म्हणून दोन शब्द बोल."

"मला वेळ नाही," मी म्हणालो.

वेळ खरंच नव्हता. दादाकडे मुंग्या निघाल्या होत्या. वहिनींना अंड्यांवरून उठता येत नव्हतं, आणि घरट्याच्या दारातून त्यांना फक्त माझी पाठ दिसत होती. मुंग्या हाकलून जात नव्हत्या. म्हणून मी त्या खायला लागलो. पोट भरलं तरी खात राहिलो. संध्याकाळ होत आली.

"भावोजी," वरून वहिनींनी विचारलं, "त्यांना मुंग्या तर नाही ना लागल्या?"

"एकही नाही," मी भरल्या तोंडाने म्हणालो, आणि पुढची उचलली.

तात्पर्य : घरटं राहण्यासाठी कधी बांधू नये, विकण्यासाठीच बांधावं. राहायला बांधलेलं पडलं तर लोक आपल्याला अडाणी म्हणतात. विकायला बांधलेलं पडलं तर वीर म्हणतात, आणि अध्यक्ष स्वतः येतात.