लीनाचं पहिलं "नको"

"तीन महिने बिनपगारी, चौथ्या महिन्यात पगार! लिहून ठेवा!" असं बजावून लीना देवळाली प्रवराहून हॉलंडला निघाली. निरोपाला अर्धी गल्ली लोटली. पूर्वी एवढी माणसं कुणी काशीला निघालं तरच जमत!

तिथल्या कांदा संशोधन केंद्रात तिला इंटर्नशिप मिळाली होती. काम काय? आठ ते पाच थंडगार कोठीत सडके कांदे वेगळे काढायचे! तिच्या आजीनं जन्मभर हेच केलं, पण तिला कुणी इंटर्न म्हटलं नव्हतं. राहायला एका खोलीत चार मुली. जेवण म्हणजे पाव, आणि पावाबरोबर पाव!

साहेब हेन्क ताडासारखा उंच, पण भला माणूस. पहिल्याच दिवशी म्हणाला, "गरम सूप आहे. घेणार?"

"नको नको, कशाला!"

आपल्याकडे पहिल्या हाकेला ताटावर कोण बसतं? दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा "बरं, थोडंसं" म्हणायचं आणि मग चार पोळ्या हाणायच्या! हेन्कनं मान डोलावली आणि सगळं सूप एकट्यानं संपवलं. लीना आग्रहाची वाट बघत बसली.

पुढं एकदा धो धो पावसात त्यानं विचारलं, "गाडीनं सोडू?"

"कशाला तुम्हाला त्रास!"

त्याचा त्रास वाचला. लीना सात किलोमीटर सायकल मारत, भिजल्या मांजरासारखी खोलीवर पोचली.

रविवारी तिनं सत्यशीलाआत्याला फोन लावला.

"आत्या, ही माणसं आग्रहच करत नाहीत गं!"

"मग सरळ हो म्हण की!"

"पहिल्यांदाच? हावरट नाही का दिसणार?"

"तेही खरंच," आत्या म्हणाली. हे वळण तिनंच तर लावलं होतं!

तीन महिने सरत आले. एका संध्याकाळी हेन्क म्हणाला, "लीना, तुझं काम आवडलं. पगारी नोकरी देतो. हवी?"

लीनाच्या छातीत ताशे वाजायला लागले. डोकं ओरडत होतं, हो म्हण! पण जिभेला बावीस वर्षांचं वळण!

"अहो, नको! कशाला उगीच!"

"बरं," म्हणून हेन्क निघाला. दारापाशी थांबला, वळला. लीनानं कान टवकारले. आता पुन्हा विचारणार!

"जाताना दिवे बंद कर हं."

दुसऱ्या दिवशी ती धावतच आली. "साहेब, मला हो म्हणायचं होतं!"

"अरेरे! काल लगेच दुसऱ्या मुलीला फोन केला. माझं वाक्य संपायच्या आत ती हो म्हणाली! पण तुझं शिफारसपत्र कालच लिहून ठेवलंय. फार मनापासून लिहिलंय."

मिळालेलं पाकीट देणाऱ्यासमोर फोडू नये. लीनानं ते तसंच बंद जपून आणलं आणि नगरच्या एका बियाणे कंपनीत साहेबांपुढं ठेवलं.

साहेबांनी पत्र मोठ्यानं वाचलं, "मुलगी हुशार, कष्टाळू. पगार देऊ केला तरी हसतमुखानं नाकारते."

वाचता वाचता साहेब चक्क उभे राहिले!

"ताई, उद्यापासूनच या! आणि निश्चिंत राहा, पगाराचा आग्रह आमच्याकडून कधीही होणार नाही!"