पेंढा भरलेल्या कोल्ह्याचं माप

"जरा घट्ट ओढ की टेप! गुदगुल्या होतील म्हणून घाबरतोस काय त्याला?"

गिस्बेर्टच्या खानावळीत शेगडीच्या वरच्या फळीला शिडी लावून एवाल्ड सुतार उभा होता आणि फळीवरच्या कोल्ह्याच्या छातीला बायकोची शिलाईची टेप गुंडाळत होता. शिडी खालून गिस्बेर्टनं धरली होती. एका हातानं शिडी, दुसऱ्या हातानं बिअर आणि तोंडानं सूचना, अशी तिहेरी मदत चालली होती. कोल्हा पेंढा भरलेला होता. गिस्बेर्टच्या आजोबांनी मारलेला, धुरानं काळवंडलेला, एका काचेच्या डोळ्यानं दाराकडे आणि दुसऱ्यानं पिंपाकडे बघणारा. हाझेलबाख गावात कोल्ह्याचं म्हणून दुसरं माप मिळणं अवघडच होतं. जिवंत कोल्हे टेपसाठी थांबत नाहीत.

बिळात सोडायच्या कुत्र्याची छाती कोल्ह्याच्या छातीपेक्षा मोठी असता कामा नये, ही त्या डोंगरातली काळ्या दगडावरची रेघ. कोल्हा जाईल तिथून कुत्रा गेला पाहिजे आणि गेला तर परत आला पाहिजे. एवाल्डनं आकडा कागदावर टिपला, पेन्सिल कानावर खोचली आणि तो खाली उतरला. सुतार माणूस. जे मोजलं ते खरं, आणि जे खरं ते मोजता आलंच पाहिजे, अशी त्याची श्रद्धा होती.

"म्हणजे ट्रुडी गेली," गिस्बेर्ट म्हणाला.

"गेली काय? घरी आहे ती. शेगडीमागे."

"मापात बसत नाही ना ती आता! टेप पुरेल का तरी तिला?"

एवाल्डनं शिडी मिटली. टेप त्यानं सकाळीच लावून पाहिली होती. पुरली होती, पण जेमतेम.

ट्रुडी त्याची डॅशहुंड. लांब, बुटकी, राठ केसांची, आणि अलीकडे त्याच्या बायकोच्या, इर्माच्या, हातच्या कलेजीच्या गोळ्यांनी मध्यभागी सुखवस्तू झालेली. दर हिवाळ्याच्या तोंडाशी एवाल्ड तिला टेकडीवरच्या जुन्या बिळाशी न्यायचा. ती शांतपणे आत जायची, बराच वेळ आतच असायची आणि तितक्याच शांतपणे माती झटकत बाहेर यायची. एकदाही भुंकली नाही. कुत्रा भुंकला नाही म्हणजे आत कोणी नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. एवाल्ड टोपी काढून जाहीर करायचा, "बीळ रिकामं आहे!" आणि मंडळी बंदुका खांद्याला अडकवून खानावळीत परतायची. ट्रुडीचा शब्द म्हणजे एवाल्डचा शब्द, आणि एवाल्डचा शब्द म्हणजे गावाचा. म्हणूनच तर शिकाऱ्यांच्या जेवणात दरवर्षी जे गमतीचं कोर्ट भरायचं, त्यात न्यायाधीशाची शिंगांची टोपी त्याच्याच डोक्यावर असायची.

फक्त गिस्बेर्टची बदकं तेवढी कमी होत होती. संत मार्टिनच्या सणाला भाजायची बदकं सणाआधीच कोणीतरी न भाजता खात होतं.

"तुझ्या ट्रुडीला नाक उरलेलं नाही," गिस्बेर्ट गेले दोन हिवाळे म्हणत होता. "टेरिअर घे. शिकारी टेरिअर. आत शिरला की काय आहे ते बाहेर काढणार, नाहीतर आतच निकाल लावणार. डॅशहुंड म्हणजे काय रे, विचार करत बसणारं कुत्रं!"

तर टेरिअर घ्यायचा ठरला. खोऱ्यापलीकडच्या कुत्र्यांच्या पैदासकाराकडे एवाल्ड टेप घेऊनच गेला. एकाची छाती कमी भरली, एकाची जास्त. तिसऱ्याची बरोबर कोल्ह्याएवढी, केसभरही इकडे-तिकडे नाही. नाव ब्लिट्झ, म्हणजे वीज. ती नावाची वीज त्याच वेळी एवाल्डच्या बुटाची नाडी चावून तोडत होती.

"एक सांगतो," पैदासकार म्हणाला, "हा घरात दुसरं कुत्रं ठेवून घेणार नाही. ठेवलंत तर माझ्याकडे रडत येऊ नका."

हे घरी सांगायला एवाल्डनं जेवण होईपर्यंत वाट पाहिली. इर्मानं ताटं उचलली, पुसली, मांडणीत लावली आणि मगच तोंड उघडलं.

"छाती मोजलीस. आता स्वतःची मोज. आत काही आहे का बघ."

"अगं, टेकडीच्या पायथ्याशी रोसविथाबाई एकट्याच असतात. त्यांना सोबत होईल. चार पावलांवर तर आहे. मी रोज जाईन बघायला."

"जाशील! आणि तिला तुझा तो हिरवा कोट तरी दे. त्यावरच झोपते ती."

"शिकारीचा कोट आहे तो. नव्या कुत्र्यालाही माझा वास कळायला हवा ना!"

तेव्हा हा मुद्दा त्याला बिनतोड वाटला होता. पुढे पुष्कळ दिवस रात्री कूस बदलताना तो मुद्दा त्याला बोचत राहिला. रोसविथाबाई निवृत्त संगीतशिक्षिका. त्यांनी ट्रुडीसाठी पियानोखाली गादी घातली होती. ट्रुडीनं गादी हुंगली, एवाल्डच्या अंगावरचा कोट हुंगला आणि ती गादीवर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. ओरडली असती, चावली असती, तर एवाल्डला घरी जाणं सोपं गेलं असतं. रोज बघायला जायचं ठरलं होतं, पण तो एकदाही गेला नाही. तिच्यापुढे उभं राहायचं कसं, ते काही टेपनं मोजता येईना.

शिकारीचा दिवस उजाडला. धुकं, गोठलेलं गवत, टेकडीवर अर्धं गाव. एवाल्डनं ब्लिट्झचा पट्टा सोडला मात्र, वीज नावाप्रमाणे बिळात पडली. आतून एकदा भुंकणं आलं, मग एकदा केकाटणं, आणि मग काही नाही.

"निकाल लावतोय," गिस्बेर्ट म्हणाला.

बिअरचा एक राऊंड झाला. निकाल लागेना. एवाल्डनं बिळाला कान लावला. कुठूनतरी बारीक कुईकुई येत होती; डावीकडून म्हणावी तर उजवीकडून आणि खालून म्हणावी तर सगळीकडून.

"अडकलाय," तो म्हणाला.

कुत्रा अडकला की बंदूक ठेवायची आणि फावडं घ्यायचं. मग कुत्रा कोणाचा, मालकाशी आपलं बोलणं आहे की नाही, हे कोणी विचारत नाही, ही त्या गावाची रीत. पाद्रीबाबांपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांनी खणलं. बीचच्या झाडांची मुळं फावड्याला दाद देईनात. दिवस मावळेपर्यंत टेकडीला तीन खड्डे पडले, आणि तीनही खड्ड्यांत खड्ड्याखेरीज काही सापडलं नाही. शेवटी जुन्या रिवाजाप्रमाणे एवाल्डनं आपला हिरवा कोट काढून बिळाच्या तोंडाशी अंथरला. हरवलेला कुत्रा रात्री सुटलाच, तर धन्याच्या वासावर येतो आणि कोटावर झोपून राहतो.

सकाळी कोटावर दहिवर होतं. कुत्रा नव्हता. कुईकुई अजून येत होती, पण कालच्याहून बारीक.

"एवाल्ड," फावड्याला टेकून गिस्बेर्ट हळूच म्हणाला. हळू बोलणं हा त्याचा स्वभाव नव्हे. "ट्रुडीला आण."

एवाल्ड उतरून गेला. रोसविथाबाईंनी दार उघडलं तेव्हा तो टोपी हातात घेऊन, वर्गणी मागायला आल्यासारखा उभा होता.

"बाई, ट्रुडी... जरा उसनी मिळेल का?"

"मला कशाला विचारता? तिलाच विचारा," बाई म्हणाल्या. "तशीही रोज सकाळी ती वरच जाते. दुपारी परत येते, अंगभर काटे घेऊन. मला वाटलं, तुमच्याकडे येत असेल."

एवाल्ड टेकडीकडे बघू लागला. माझ्याकडे नाही, तर मग कोणाकडे?

ट्रुडी पुढे चालली. एवाल्ड मागून "ट्रुडी, ए ट्रुडे" करत होता. तिनं मान वळवली नाही. टेकडीवर आल्यावर तिनं तिन्ही खड्डे पाहिले, कोणा नवशिक्या गवंड्याचं काम बघावं तसे, आणि ज्या बिळात ब्लिट्झ गेला होता त्याकडे ढुंकूनही न बघता ती काटेरी झुडपामागे गेली. तिथं आणखी एक दार होतं. ऐसपैस, उंबरा झिजलेलं, गावात कोणालाच माहीत नसलेलं. आपल्या घराचा जिना चढावा तशी ट्रुडी आत गेली.

आणि तिनं जन्मात पहिल्यांदा बिळात भुंकून दाखवलं. एका जागी, थांबून, ठामपणे: इथं खणा.

सगळे त्या आवाजावर तुटून पडले. कमरेएवढं खणलं असेल नसेल, तोच झुडपामागच्या दारातून एक कोल्हा निघाला आणि गिस्बेर्टच्या दोन पायांतून निसटला. बंदुका झाडाला टेकलेल्या, सगळ्यांच्या हाती फावडी.

"अरे, हा तर अर्धाच आहे!" गिस्बेर्ट ओरडला. "आमच्या फळीवरच्याच्या निम्मासुद्धा नाही!"

एवाल्डनं फावडं खाली ठेवलं. कानावरची पेन्सिल काढली आणि तिच्याकडे तो बघत राहिला.

"गिस्बेर्ट, तुझ्या आजोबांनी त्या कोल्ह्यात पेंढा किती भरला होता रे?"

गिस्बेर्ट जरा घुटमळला. "आजी म्हणायची, तिची एक उशी गेली त्यात. पेंढा पुरला नाही ना. आजोबा गावभर सांगून बसले होते, वाघाएवढा कोल्हा मारला म्हणून..."

पुढचं कोणी ऐकलं नाही, कारण माती ढासळली आणि ब्लिट्झचं मागचं अंग दिसलं. कोल्हा जिथून सरळ गेला होता त्या अरुंद गळ्यात वाघाच्या मापाची वीज बुचासारखी बसली होती. दोघांनी पाय धरून ओढलं तेव्हा 'फट्' असा आवाज झाला.

त्याच्या पलीकडे बिळातली मोठी खोली होती. ट्रुडी तिथंच बसली होती, आणि तिच्या शेजारी, वाळल्या पानांच्या जाड गादीवर, काळ्या-पांढऱ्या तोंडाचा एक म्हातारा बॅजर, अस्वलासारखा जाडजूड, बिळात राहणारा प्राणी. त्यानं वर पाहिलं. छप्पर गेलेल्या घरमालकाच्या चेहऱ्यावर जो भाव असतो, तो भाव करून तो उठला, पाद्रीबाबांच्या बुटावरून चालत गेला आणि गुरगुरत झाडीत शिरला. कोणी बंदूक उचलली नाही. गादीवर दोन खळगे होते: एक मोठा, एक लांबट. लांबट खळग्यात इर्माची हरवलेली सपात होती, एवाल्डचा डावा हातमोजा होता, आणि ज्या टोपीसाठी त्यानं पोस्टमनवर संशय घेतला होता, ती टोपी होती. कोपऱ्यात, कोल्ह्याच्या राहत्या बाजूला, बदकांची पिसं.

"रिकामं," गिस्बेर्ट म्हणाला. "दरवर्षी रिकामं!"

त्या दिवशी कोर्ट भरलं, पण शिंगांची टोपी गिस्बेर्टच्या डोक्यावर होती आणि एवाल्ड आरोपी. आरोप: गावाला वर्षानुवर्षं खोटं सांगणं, उशीच्या मापानं कुत्रा घेणं आणि पोस्टमनची बदनामी.

"आरोपीला काही म्हणायचंय?"

"ट्रुडी माझी आहे असं मला वाटलं होतं," एवाल्ड म्हणाला. हा बचाव की कबुली, ते ठरवता न आल्यानं कोर्टानं बिअर मागवली. मग रिवाजाप्रमाणे त्याला वाकवून शिकारी सुऱ्याच्या चपट्या पात्यानं तीन फटके दिले आणि शिक्षा ठोठावली: गिस्बेर्टच्या बदकांसाठी ओकच्या लाकडाचं, कोल्ह्याला शिरता येणार नाही असं खुराडं. "आणि फट ठेवशील ती खऱ्या कोल्ह्याच्या मापानं!"

साक्षीदार कोर्टात नव्हती. ब्लिट्झ सुटल्यावर एवाल्ड गुडघ्यावर बसला होता, हात पसरून. ट्रुडीनं त्याचे हात हुंगले, शेपूट एकदाच हलवली, ओळख असल्यापुरती, आणि ती रोसविथाबाईंच्या घराकडे उतरून गेली. ब्लिट्झ आता पलंगाखालीसुद्धा जात नव्हता. इर्माच्या मांडीवर बसून कलेजीचे गोळे खाण्यात त्याला आपलं जीवितकार्य सापडलं होतं. तोही आता शेगडीमागेच झोपायचा. त्या जागेला लांबी जास्त होती. बिचारा निम्म्याच जागेत मावायचा आणि उरलेली निम्मी एवाल्डला दिसत राहायची.

खुराडं पुरं झालं त्या संध्याकाळी एवाल्ड टेकडीच्या पायथ्याशी गेला. दार वाजवलं नाही. हिरवा कोट काढून त्यानं रोसविथाबाईंच्या पायरीवर अंथरला, बाह्या नीट केल्या आणि स्वेटरवर कुडकुडत घरी आला. इर्मानं शेगडीत आणखी एक ओंडका सारला.

सकाळी पायरी रिकामी होती. कोटही नाही, कुत्रीही नाही.

"तो कोट ना?" रोसविथाबाई खिडकीतून म्हणाल्या. "उजाडताच ओढत घेऊन गेली. वर. एवढा जड कोट, वाटेत किती वेळा दमून बसली म्हणून सांगू! मी मदतीला गेले तर माझ्यावरच गुरगुरली."

एवाल्ड टेकडी चढला. ट्रुडीच्या खोलीवर मंडळींनी माती परत लोटून दिली होती, आणि ती माती आतून कोणीतरी नीट दाबून घेतलेली दिसत होती. काटेरी झुडपामागच्या दारातून हिरव्या बाहीचं टोक बाहेर आलं होतं. त्यानं वाकून ते धरलं आणि हलकेच ओढलं. आतून कोणीतरी तितक्याच हलकेपणानं परत ओढलं. ट्रुडी की तो म्हातारा, हे कळायला मार्ग नव्हता. त्यानं बाही सोडली. ती हळूहळू आत गेली, शेवटच्या बटणासकट.

तो तिथंच गोठलेल्या गवतावर बसून राहिला. खालच्या वाटेनं गिस्बेर्ट बंदूक खांद्याला अडकवून चालला होता. त्यानं हात तोंडाशी धरून हाक दिली:

"काय रे एवाल्ड, आहे का आत कोणी?"

एवाल्डनं टोपी काढली.

"नाही," तो म्हणाला. "बीळ रिकामं आहे."