वाकोडेकाकांचा समुद्रावरचा आँखों देखा हाल

वाकोडेकाकांना जे दिसतं ते मोठ्यांदा बोलून दाखवल्याशिवाय राहवत नाही. भिलाईत त्यांच्या आणि आमच्या क्वार्टरची भिंत एकच. त्यामुळे "शालू, गाय फाटकाशी आली... ढुशा देऊन राहिली... उघडलं बाप्पा फाटक!" हे ऐकतच मी रोज दाढी करतो. स्टील प्लांटच्या रोलिंग मिलच्या खडखडाटात चढलेला आवाज रिटायर झाल्यावरही उतरला नाही. एकदा तर सिनेमा चालू असताना लोकांनी त्यांना बाहेर काढलं होतं. मीसुद्धा वैतागायचो. मग कळलं, शालूकाकूंची नजर काचबिंदूने जात चालली आहे. त्यांना आता नुसता उजेड-अंधार कळतो.

काकूंना लग्नापासून समुद्र पाहायचा होता. दर वर्षी रजा मंजूर व्हायची, आणि दर वर्षी मिलमध्ये काहीतरी बिघडलं म्हणून काका स्वतःच ती रद्द करायचे. यंदा डॉक्टर म्हणाले, एवढंही फार दिवस टिकणार नाही, काय दाखवायचं ते आताच दाखवा. काकांनी माझी गाडी, मी आणि माझी रजा, सगळं परस्पर ठरवून टाकलं. काकांचा हिशोब सोपा: आपल्या दुर्गच्या शिवनाथ नदीचं पाणी महानदीत जातं, तर महानदी धरून चालत राहायचं, समुद्र कुठे पळून जातो!

हिराकुडला धरणाची भिंत संपेना आणि काकांचं वाक्यही संपेना. माझे कान किटले. कटकला मात्र त्यांनी गाडी थांबवायला लावली. पुरापासून शहर वाचवायला जुन्या राजांनी नदीकाठी बांधलेली दगडी भिंत होती ती. काकांनी काकूंचा हात धरून दगडावर ठेवला.

"हातानं पाह्य शालू. ना क्रेन, ना सिमेंट. अन् अजून पुराले अडवून राहिली. आमच्या मिलचं बेअरिंग सहा महिने नाही टिकत."

काकू कितीतरी वेळ दगड चाचपत होत्या. खरं सांगतो, मीही हात लावून पाहिला.

पुढे नदी इतकी रुंदावली की पलीकडचा काठच दिसेना. पारादीपला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. काकूंना दोन्हीकडून धरून आम्ही वाळूवर नेलं. काकांनी घसा खाकरला. आता तासभर सुटका नाही, असं म्हणत मी तयारीत राहिलो.

पण आवाजच नाही. वळून पाहिलं तर काका तोंड उघडं टाकून उभे. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अरे, या माणसानेही समुद्र आज पहिल्यांदाच पाहिला!

"अहो, सांगा ना," काकू म्हणाल्या.

"शालू... लय..." एवढंच निघालं. मग डोळे पुसत ते म्हणाले, "मीनं लय उशीर केला."

काकूंनी त्यांची बाही घट्ट धरली. "राहू द्या. दिसून राहिलं मले. पांढरं काहीतरी येते... हे आलं... आता गेलं."

काका नुसते "हो" म्हणाले. काकू सांगत राहिल्या, आणि काका दर लाटेला "हो, हो" म्हणत राहिले.